हातचे आठ

मी बोलतोय, पण आधी एक गैरसमज मिटवतो. घरात कुणाला कणकण आली की डब्यातून काढून काखेत घालतात, ते माझं धाकटं भावंड. त्याची धाव पस्तीसपासून बेचाळीसपर्यंत. मी प्रयोगशाळेतला थर्मामीटर. वीतभराहून लांब, पोटात पारा, आणि अंगावर शून्यापासून तीनशे साठपर्यंत रेघा. माणसाच्या अंगाशी माझा कधी संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं.

माझं काम एकच. एखादा पदार्थ किती अंशांना वितळतो ते दाखवायचं. शाळेच्या पुस्तकात त्याला द्रवणांक म्हणतात. तुम्हीही कधीतरी एका मार्कासाठी पाठ केला असेल आणि परीक्षा झाल्यावर विसरून गेला असाल. प्रत्येक शुद्ध पदार्थाचा हा आकडा ठरलेला असतो. डब्यावरची चिठ्ठी बदलता येते, रंग बदलता येतो, वासही झाकता येतो. हा आकडा मात्र कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून मला माझ्या कामाचा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

माणसांच्या काही शब्दांचा मला मनस्वी राग येतो. 'साधारण', 'जवळपास', 'चालून जाईल'. साधारण म्हणजे किती? अंगावर रेघ असताना तोंडाने 'जवळपास' म्हणायचं म्हणजे रेघेचा अपमान आहे. राग आला की माणसाचा पारा चढला म्हणतात. पारा माझा आणि नाव त्यांचं! पण चढून बसणं माझ्या स्वभावात नाही. ज्योत काढली की मी गुपचूप खाली येतो.

प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका दुकानात मी पुठ्ठ्याच्या नळीत पडून होतो. तिथून मला गंगाधर सरांनी उचललं. परळला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांची छोटी तपासणी प्रयोगशाळा होती. औषध कंपन्या आपल्या कच्च्या पावडरी तिथे पाठवायच्या. पावडर खरी आहे का, शुद्ध आहे का, ते तपासून सर कागद द्यायचे. तो कागद मिळाला की त्या पावडरीच्या गोळ्या व्हायच्या.

सरांनी मला आणल्या आणल्या कामाला जुंपलं नाही. आधी बर्फात बुडवलं, मग वाफेवर धरलं, मग बेंझॉइक आम्लावर तपासलं. बेंझॉइक आम्ल एकशे बावीसला वितळतं. मी दाखवलं एकशे साडेएकवीस. मला वाटलं, आता परत दुकानात. पण सरांनी एका चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलं, 'यात अर्धा अंश मिळवावा', आणि ती दोऱ्याने माझ्या गळ्यात बांधली.

"दोष असला म्हणून बिघडत नाही, कुशाबा," ते म्हणाले. "किती आहे ते माहीत नसलं म्हणजे बिघडतं."

कुशाबा म्हणजे प्रयोगशाळेतला मदतनीस. वडील गिरणीत होते, आणि हा विशीतच इथे लागला. दहावी नापास. इंग्रजी वाचताना अडखळायचा, पण मला मात्र घडाघडा वाचायचा. बेरजेत आपण हातचा धरतो ना, तसा तो माझा अर्धा अंश धरायचा. "अर्धा हातचा," असं पुटपुटून मग आकडा सांगायचा. दर सोमवारी सकाळी तो मला बेंझॉइक आम्लावर तपासायचा. त्याला तो सोमवारची पूजा म्हणायचा. मी एकशे साडेएकवीसला पोचलो की, "अर्धा हातचा, एकशे बावीस. शाब्बास रे माझ्या!" असं म्हणून मला पुसून ठेवायचा. तीस वर्षं मला दुसऱ्या कुणी शाबासकी दिली नाही.

त्याचं काम बघण्यासारखं होतं. सुईएवढी बारीक काचेची नळी बर्नरवर धरून तो तिचं एक टोक बंद करायचा. उघड्या टोकाने चिमूटभर पावडर घ्यायची आणि नळी टेबलावर हलके हलके आपटायची, म्हणजे पावडर तळाशी बसते. मग ती नळी माझ्या पाऱ्याच्या फुग्याशी दोऱ्याने बांधायची आणि आम्हा दोघांना तेलात सोडायचं. खालून ज्योत. शेवटी शेवटी ज्योत इतकी बारीक करायची की मी मिनिटाला दोन अंशांच्या वर चढता कामा नये. कुशाबा भिंग लावून बघत बसायचा. पावडर ओलसर दिसायला लागली की म्हणायचा, "घाम फुटला." सगळी वितळून आरपार दिसायला लागली की म्हणायचा, "पाणी झालं." घामाचा एक आकडा आणि पाण्याचा एक.

शुद्ध पावडरीला घाम फुटला की अंशभरात तिचं पाणी होतं. भेसळ असेल तर घाम लवकर फुटतो आणि पाणी व्हायला पावडर रेंगाळते. एवढंच शास्त्र आहे. पुस्तक न वाचता ते कुशाबाच्या बोटांत उतरलं होतं.

गंगाधर सर गेले आणि त्यांचा मुलगा यशोधन सर खुर्चीत बसले. शिकलेले, गोड बोलणारे, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी भिंती रंगवल्या, एसी लावला. मेघना नावाची एक तरुण रसायनतज्ज्ञ आली. कुशाबाने आकडे सांगायचे, तिने वहीत लिहायचे आणि अहवालावर सही करायची, अशी पद्धत पडली. चांगली मुलगी होती. आकडा लिहिण्याआधी एकदा स्वतः येऊन माझ्याकडे बघायची.

आणि हितेंद्र यायचा. तो एका गोळ्यांच्या कंपनीचा माणूस. रक्तदाबाच्या गोळ्यांची पावडर तपासायला आणायचा. कुशाबाच्या बायकोला, अंबिकेला, कितीतरी वर्षांपासून रक्तदाब. हे कळल्यापासून हितेंद्र पावडरीच्या बाटलीबरोबर गोळ्यांच्या चार-सहा पट्ट्या कुशाबाच्या हातावर ठेवायचा. "काकींना सांगा, एकही चुकवू नका," म्हणायचा. कुशाबा पट्ट्या कपाळाला लावून खिशात टाकायचा. त्याला तो कंपनीचा प्रसाद म्हणायचा. खरंच सांगतो, तेव्हा त्यात मलाही काही वावगं वाटलं नाही. आपल्याच हाताने तपासलेल्या पावडरीची गोळी आपल्या घरात जाते, याचा त्याला केवढा अभिमान होता.

आता तो शनिवार.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधीचा शनिवार होता तो. परळ-लालबागमधल्या कोकणी माणसाचं चित्त त्या दिवसांत कामावर नसतं आणि त्याबद्दल त्याला कुणी बोलतही नाही. कुशाबा आणि अंबिका पाचच्या गाडीने गावाला निघणार होते. दाराआड त्याची पिशवी सकाळपासून तयार. आरतीची नवी झांज तिच्यात होती, आणि कुणाचा धक्का लागला की ती झणकन वाजायची. दोन दिवसांपूर्वी मला धुताना त्याच्या हातून मी नळाला लागलो होतो. लागलो म्हणजे नुसता टक् आवाज झाला. तरी त्याने मला भिंगाखाली इकडून तिकडून तपासलं आणि प्रामाणिकपणे जाऊन यशोधन सरांना सांगूनही आला. तो प्रामाणिकपणा त्याला भोवला.

दुपारी दीडला हितेंद्र बाटली ठेवून गेला. "आजच कागद पाहिजे, कुशाबा. मशिनं रिकामी बसलीयत," म्हणाला. ती पावडर एकशे सदुसष्ट ते एकशे एकाहत्तर अंशांच्या मध्ये वितळायला हवी होती. कुशाबाने नळी भरली, माझ्याशी बांधली, ज्योत पेटवली. मी चढू लागलो. दीडशेला त्याने ज्योत बारीक केली आणि स्टुलावर निवांत बसला, कारण अजून बराच वेळ होता.

मी एकशे एकोणसाठवर आलो आणि शेजारच्या नळीत पावडर ओली झाली.

"घाम फुटला," कुशाबा म्हणाला, आणि स्वतःच चपापला. "मॅडम, बघा हो जरा."

मेघना आली. आम्ही तिघं बघत राहिलो. पावडर रेंगाळली, रेंगाळली, आणि एकशे त्रेसष्टला तिचं पाणी झालं. कुशाबाने तेल खाली उतरू दिलं, दुसरी नळी भरली, पुन्हा केलं. पुन्हा तेच. तेव्हा पावणेचार व्हायला आले होते. मेघना जाऊन सरांना घेऊन आली.

यशोधन सरांनी पावडरीकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"हाच ना तो, परवा नळाला आपटला होता?"

"लागला होता, सर. पण तडा नाही गेला. मी भिंगातून बघितलं."

"प्रत्येक तडा दिसतोच असं नाही, कुशाबा. बाबांच्या वेळचा आहे तो. म्हातारा झाला. त्याला अर्धा अंश मिळवता ना तुम्ही?"

"हो. अर्धा हातचा."

"मग आता आठ हातचे धरा."

मेघना म्हणाली, "सर, एकदा बेंझॉइकवर तपासून बघूया का? तेल गार व्हायला अर्धा-पाऊण तास, आणि मग..."

"बघा की. माझी काही हरकत नाही," सर अगदी शांतपणे म्हणाले. मग घड्याळाकडे बघत विचारलं, "कुशाबा, तुमची गाडी कितीची?"

"पाचची, सर."

"काकी नाक्यावर येऊन उभ्या असतील ना? मग ठरवा तुम्ही."

असे गेले ते. आवाज न चढवता, केबिनचं दार हळू लावून. भेसळीला घाम लवकर फुटतो हा नियम पावडरीचा. यशोधन सरांच्या कपाळावर मी एक थेंब बघितला नाही.

कुशाबाने घड्याळाकडे बघितलं, दाराआडच्या पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी अजून तेलात होतो. मी ओरडून सांगणार होतो की बाबा रे, आठच कसे? सात का नाही, नऊ का नाही? एकोणसाठात आठ मिळवले की बरोबर सदुसष्ट होतात, त्रेसष्टात मिळवले की बरोबर एकाहत्तर, हे तुला दिसत नाही का? आणि हातचा धरून आकडा वाढेल, पण ती चार अंश रेंगाळली त्याचं काय? ते तर तुझ्या डोळ्यांनी बघितलंस! पण काचेला कुठला आवाज? मी आपला एकशे त्रेसष्टाच्या खाली खाली उतरत गेलो.

"आठ हातचे," कुशाबा म्हणाला. "एकशे सदुसष्ट. एकशे एकाहत्तर."

मेघनाचं पेन क्षणभर थांबलं आणि मग चाललं. पिशवी उचलली गेली, झांज वाजली, आणि कुशाबा जिना उतरून गेला. तपासलेल्या पावडरीचा थोडा नमुना बाटलीत घालून राखून ठेवायची रीत असते. मेघनाने तो ठेवला, वर तारीख घातली आणि कपाट लावलं.

तो गावाला असतानाच माझ्या जागी नवं यंत्र आलं. बटण दाबलं की आकडा लाल अक्षरात दिसतो. मला फेकून द्यायचं ठरलं होतं, पण पोटात पारा असलेल्याला कुठे फेकायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून मी खालच्या खणात गेलो, रबरी बुचांच्या आणि फुटक्या ब्युरेटच्या शेजारी. गणपती करून कुशाबा परत आला. त्याने खण उघडून मला हातात घेतलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं.

"माझ्याच हातनं गेलास रे," म्हणाला, आणि मला परत आत ठेवलं.

त्याला वाटत होतं, त्याने मला बिघडवलं. सोमवारची पूजा नव्या यंत्रावर होऊ लागली. त्या सोमवारी त्याने एकदा, फक्त एकदा, मला तेलात सोडलं असतं तर? पण आपल्या हातून बिघडलेल्या गोष्टीकडे माणूस पुन्हा बघत नाही. लाज वाटते त्याला.

खणात डोळ्यांना काही नसतं, पण ऐकू सगळं येतं. दिवाळी झाल्यावर एके दिवशी हितेंद्रचा आवाज आला.

"ह्या पट्ट्या घ्या, कुशाबा. दोन महिन्यांच्या आहेत. एकदम फ्रेश माल! गणपतीच्या आधी पास केली होती ना तुम्ही? तुमच्याच हातची पावडर!"

"द्या, द्या. आधीची पट्टी कालच संपली तिची," कुशाबा म्हणाला.

मेघनाची खुर्ची सरकल्याचा आवाज मी ऐकला. ती उठली होती. आता बोलेल, असं मला वाटलं. मी खणात वाट बघत राहिलो. मग खुर्ची पुन्हा सरकली आणि ती बसली. मेघनाला मी चांगली मुलगी म्हटलं ना? अजूनही म्हणतो. चांगली माणसं गप्प बसतात तेव्हा जास्त वाईट होतं, एवढंच.

मार्गशीर्षात कुशाबा अचानक यायचा बंद झाला. महिनाभर त्याची चप्पल दाराशी वाजली नाही. परत आला तेव्हा त्याचा आवाज मला पटकन ओळखू आला नाही.

"दुसऱ्या गुरुवारी," तो मेघनाला सांगत होता. "पूजा मांडत होती. कलशावर ठेवायचा नारळ हातातून सुटला. मी म्हटलं, अगो, बघून. उचलायला गेली तर हात उचलेचना. उजवी बाजू गेली, मॅडम. वाचा गेली."

मेघनाने त्याच्यासाठी स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"डॉक्टर सारखं विचारायचे, गोळ्या बंद केल्या होत्या का, म्हणून. प्रेशर दोनशेच्या वर होतं. मी सांगितलं, नाही हो! मीच देत होतो माझ्या हाताने, सकाळच्या चहाच्या आधी. एक दिवस चुकलो नाही. त्यांना खोटं वाटलं असणार. आता त्यांनी दुसऱ्या दिल्यात. आमच्याकडच्या दोन पट्ट्या उरल्यात. शेजारच्या नानांनाही प्रेशर आहे, त्यांना देऊन टाकतो. वाया कशाला घालवायच्या?"

"नका देऊ," मेघना एकदम म्हणाली.

"का?"

"कुणालाच नका देऊ. फेकून द्या त्या, कुशाबा."

"पण का, मॅडम?"

तिने नळ सोडला आणि कितीतरी वेळ काहीतरी धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझा खण उघडला. सर बाहेर गेले होते. कुशाबाने मला उचललं आणि गळ्यातली चिठ्ठी वाचली. एवढी वर्षं झाली तरी गंगाधर सरांचं अक्षर पुसलं नव्हतं. त्याने जुनी तेलाची नळी शोधून काढली, तेल भरलं, बेंझॉइक आम्लाची बाटली काढली. बारीक नळी बंद करताना दोनदा काच वाकडी झाली. तिसऱ्यांदा जमलं.

मी चढू लागलो. मला एवढंच सांगायचं आहे की त्या वेळी मला भीती वाटत होती. तीस वर्षांत कधी वाटली नव्हती. मी बिघडलेला निघावं की चांगला निघावं, हे माझं मलाच कळत नव्हतं. शंभर. एकशे दहा. त्याने ज्योत बारीक केली. भिंगामागचा त्याचा डोळा मला मोठा दिसत होता आणि त्यात पाणी होतं.

एकशे साडेएकवीसला बेंझॉइक आम्लाला घाम फुटला आणि बघता बघता पाणी झालं.

"अर्धा हातचा," कुशाबा म्हणाला. पुढे 'शाब्बास' आलं नाही.

मग त्याने कपाटातून गणपतीआधीच्या शनिवारची बाटली काढली. तेल थोडं निवू दिलं. त्या दिवशी नव्हता, तेवढा वेळ आज त्याच्याकडे होता. नळी भरली, बांधली. मेघना कधीतरी येऊन दारात उभी राहिली होती. एकशे एकोणसाठला घाम फुटला. एकशे त्रेसष्टला पाणी झालं. त्याने माझ्यावरची नजर काढली नाही.

"मॅडम, हा बरोबर होता," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं, कुशाबा. शंका होती." ती टेबलाजवळ आली. "सही माझी आहे त्याच्यावर."

"सही तुमची. आठ माझ्या तोंडातून गेले."

"सर म्हणतील, फुटका थर्मामीटर आहे."

"तुमच्यासमोर तपासला ना आत्ता? लिहा. आज जे दिसलं ते लिहा."

तिने एका कागदावर तारीख घातली. बेंझॉइकचा आकडा लिहिला, पावडरीचे दोन आकडे लिहिले. अक्षर नेहमीसारखंच नीट होतं. खाली सहीच्या जागी पेन टेकवलं, आणि उचललं. "माझी नोकरी जाईल, कुशाबा," एवढंच म्हणाली. तो तिच्यावर रागावला नाही. कागदाची घडी केली, बाटली घेतली, मला कापसात गुंडाळलं आणि संध्याकाळी आम्हाला घरी घेऊन गेला.

अशा रीतीने म्हातारपणी मी काळाचौकीच्या एका खोलीत आलो. कुशाबाने बाटली आणि मला स्टीलच्या पेल्यात घालून फळीवर ठेवलं. समोरच्या खाटेवर अंबिका. इतकी वर्षं नाव ऐकत होतो, चेहरा पहिल्यांदा बघितला. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात उशीवर ठेवून दिलेला, डोळे मात्र लख्ख. ती डोळ्यांनी त्याच्यामागे खोलीभर फिरायची. तो तिला भरवायचा, पुसायचा, केस विंचरायचा. आणि अधूनमधून फळीकडे बघून मान खाली घालायचा. असे आठ दिवस गेले. रोज सकाळी तो पेल्यापर्यंत हात न्यायचा आणि मागे घ्यायचा.

परवा दुपारी अंबिकेने डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं. मग स्वतःच्या काखेकडे. त्याला कळेना. तिने पुन्हा केलं. बिचारीला वाटलं, तापाचा थर्मामीटर आहे. तिला कणकण वाटत असावी.

"अगो, ह्यो तेचो न्हय," कुशाबा म्हणाला. पण ती ऐकेना. शेवटी त्याने मला कोमट पाण्याने धुतलं, पुसलं आणि हळूच तिच्या काखेत ठेवलं.

जन्मभर मी तेलात जळलो, बर्फात गोठलो. माणसाच्या अंगाची ऊब म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. फार मोठा आकडा नाही तो. मी साडेछत्तीसला जाऊन थांबलो.

कुशाबा वाकला, भिंग नसल्यामुळे अगदी जवळ आला. "साडेछत्तीस," तो म्हणाला. "अर्धा हातचा. सदतीस. ताप नाय गो तुका."

आणि तो तिथेच खाटेच्या कडेला खाली बसला. त्याचं डोकं तिच्या उशीला टेकलं.

"अंबे, ह्यो बरोबर होतो," तो म्हणाला. "त्या शनिवारी ह्येना खरा दाखवल्यान. मीच आठ धरलंय. गाडी चुकात म्हणान. त्याच पावडरीच्यो गोळ्यो मी तुका दिलंय. माझ्या हातान. माझा चुकला गो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला सगळं समजलं, हे मला तिच्या काखेत असल्यामुळे कळलं. तिचा श्वास थांबला आणि मग एकदम जोरात सुटला. तिने डावा हात उचलला. मला वाटलं, त्याच्या डोक्यावर ठेवेल. तो हात मध्येच थांबला आणि खाटेवर पडला. मग तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मी अजून तिच्या काखेतच होतो. मला काढून घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

आज सकाळी कुशाबाने इस्त्रीचा सदरा घातला. शेजारच्या मालनताईंना अंबिकेजवळ बसवलं. बिनसहीचा कागद, बाटली, उरलेल्या दोन पट्ट्या आणि कापसात गुंडाळलेला मी, असं सगळं पिशवीत भरलं. औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कचेरीत तो जबानी द्यायला निघाला आहे. "आठ कोणी सांगितले ते सांगेन, आणि कोणी धरले तेही सांगेन," असं मालनताईंना म्हणाला. निघताना त्याने अंबिकेला हाक मारली. तिचं तोंड भिंतीकडेच होतं.

तर मी हे पिशवीतून बोलतोय. पुढे माझं काय होईल, ते दिसतंच आहे. कुणी म्हणेल, जुना आहे, म्हातारा आहे, पाऱ्याचे थर्मामीटर आता कोण वापरतं? कुठल्यातरी कपाटात चिठ्ठी लावून ठेवतील, नाहीतर हाताळताना फोडतील. चालेल. माझी एकच विनवणी आहे. आधी एकदा मला बेंझॉइक आम्लावर तपासा. पाऊण तास लागेल, तेवढा काढा. आणि मग मी जे दाखवीन ते लिहा, हातचा न धरता. नाही, चुकलो, अर्धा धरा. तो माझा जन्माचा आहे आणि तो चिठ्ठीवर लिहिलेला आहे.

मी माझ्या गर्वाबद्दल सुरुवातीला बोललो होतो. या पिशवीत अंधारात पडल्या पडल्या तो कुठे सापडत नाही. मी बरोबर होतो, हे आता सगळ्यांना कळेल. पण परवा मी त्या बाईच्या काखेत होतो. खरं सांगतो, त्या शनिवारी मी आठ अंशांनी चुकलेला असतो ना, तर फार बरं झालं असतं.